बिघाडाचं कारण

९ जानेवारी

पंप बसवणाऱ्या बाईंस,

पत्र कामाचं आहे म्हणून लिहितोय, नाहीतर लिहिलं नसतं. तू माझी मुलगी आहेस हे मला माहीत आहे. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, हेही आपल्या दोघांना माहीत आहे. ते सगळं सध्या बाजूला ठेवू. मी मीठ पिकवणारा, आणि तू संस्थेतर्फे आमच्या मिठागरावर सौर पंप बसवून गेलेली मेकॅनिक. एवढंच नातं धरून पुढचं वाच.

तक्रार अशी आहे. नोव्हेंबरात पंप बसला तेव्हा विहिरीतून खाऱ्या पाण्याची माझ्या मनगटाएवढी धार पडायची. डिसेंबरात ती अंगठ्याएवढी झाली. आज करंगळीएवढी आहे, तीही ऊन डोक्यावर आल्यावर. माझ्या दहा वाफ्यांपैकी शेवटच्या तिनांपर्यंत पाणी पोचतच नाही. वाफ्यात पाणी वेळेवर आलं नाही की मिठाचा दाणा बारीक पडतो, वर पिवळट. असलं मीठ माझ्या वाफ्यातून आजवर गेलेलं नाही आणि जाणारही नाही.

आमची निगा कमी पडली असं म्हणशील तर आधीच सांगतो. तुझ्या सोलरच्या प्लेटा मी दिवसातून दोनदा पुसतो, सकाळी एकदा आणि दुपारच्या चहानंतर एकदा. अख्ख्या मिठागरावर इतकी निगा कोणी राखत नाही. शेजारचे सावलीतले मामा तुला आठवत असतील. जिथे एक झाड नाही तिथे सावली शोधून आडवा होणारा माणूस. त्यांनी त्यांच्या प्लेटांना बसवल्यापासून बोट लावलेलं नाही. धुळीचा थर आहे, वर कावळे बसतात. आणि त्यांचा पंप मात्र झकास चाललाय! पलीकडे सासऱ्याचे वाफे सांभाळणाऱ्या जावयाला मी स्वतः जाऊन निगा कशी राखायची ते शिकवलं, तो बिचारा माझ्यासारखाच दोनदा पुसतो, आणि त्याचाही पंप रडतोय. म्हणजे तीन पंपांतला चांगला पंप तू आळशाला दिलास आणि नासके दोन कष्ट करणाऱ्यांना. चांगला न्याय आहे.

माझं डिझेल इंजिन बावीस वर्षं चाललं. नुसत्या आवाजावरून मी त्याचं दुखणं सांगायचो. तुझा हा पंप आवाजच करत नाही, मग त्याला काय झालंय ते माणसाने ओळखायचं कसं? उद्या मी इंजिनावरची ताडपत्री काढणार आहे.

तुझ्या आईचं म्हणणं, तिचा खोकला गेला तेही लिहा. ती समोरच बसलीये म्हणून लिहितो. इंजिनाचा धूर नाही म्हणून खोकला नाही, असं तिचं मत आहे. हवाही बदलली असेल.

हीच तक्रार मी तुमच्या ऑफिसलाही पाठवली आहे.

तक्रारदार,
वाफा क्रमांक अकरा ते वीस


२४ जानेवारी

पंप बसवणाऱ्या बाईंस,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं. तीन ओळी आईच्या तब्येतीच्या आणि एक माझ्यासाठी, "काचा पुसायला कोणतं पाणी वापरता?" आता बापाला पाणीसुद्धा तू शिकवणार. पन्नास वर्षं मी पाण्यात उभा आहे. खारं पाणी बोटाने जिभेला लावलं की ते वाफ्यात किती दिवस मुरलंय आणि दाणा कधी धरेल, हे मी सांगतो. मापाडीसुद्धा मला विचारून मीठ भरायला घेतो. तेव्हा पाण्याचं माझं मी बघतो, तू पंपाचं बघ.

तुझ्या ऑफिसचे साहेब परवा येऊन गेले. पाटाकडे चिखल होता आणि त्यांच्या पायात चकचकीत बूट, म्हणून ते झोपडीजवळच उभे राहिले आणि तिथूनच सगळा कारभार बघितला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. करंगळीएवढी धार लांबून पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, बसवणाऱ्याचीच चूक दिसते. मी म्हटलं, तेच तर मी कळवलंय.

मग जाता जाता ते म्हणाले की तक्रारीमुळे तुला कामावरून काढलेलं नाही, पण तेव्हापासून बाहेर पाठवत नाहीत. गोदामात बसवलंय, नटबोल्ट मोजायला. आणि पंधरा फेब्रुवारीला मापाड्याच्या शेडमध्ये सभा आहे. चाळीस घरांनी डिझेल सोडून सौर पंप घ्यायचे की नाहीत, ते त्या दिवशी ठरणार. तीनपैकी दोन पंप रडताना दिसले तर कोण घेईल? आहेत ते तीनही उचलून नेतील, म्हणाले. आणि ज्या मेकॅनिकच्या हातचे पंप फसले तिला संस्था पुढे ठेवेल असं त्यांना वाटत नाही.

मी तक्रारीत तुझं नाव घातलं नव्हतं. नुसतं "बसवणाऱ्याने" असं लिहिलं होतं. साहेब गेल्यावर जेवण गेलं नाही. का गेलं नाही ते विचारू नकोस.

एक गोष्ट मात्र विचारायचीच आहे. नोव्हेंबरात तू दोन दिवस काम केलंस. मी लांबच्या वाफ्यात पाठ करून उभा होतो, पण माणसाची मान वळते कधीकधी. तू सगळं काम बांधावर आणि फळ्यांवर उभी राहून केलंस. विहिरीकडे जायचं तर फळी टाकायचीस, पुढे जायचं तर मागची फळी उचलून पुढे टाकायचीस. सावलीतले मामा हसत होते, म्हणाले शहरात राहून पोरीला चिखलाची किळस यायला लागली. मला किळसेचं पटलं नाही. तू घर सोडून ते पंपाचं काम शिकायला निघालीस, तेव्हा मी बोललो होतो की गेलीस तर या मिठागरात तुझं पाऊल पडता कामा नये. ते तू असं पाळलंस? दोन दिवस? तुझ्या अंगात हा हट्ट कुठून आला, देव जाणे. तुझी आई म्हणते, देवाला कशाला त्रास द्यायचा, आरशात बघा.

इंजिन सुरू केलं. पाणी आलं. आईचा खोकलाही आला. दोन दिवसांनी बंद केलं.

तक्रारदार


५ फेब्रुवारी

भिंगरीस,

हे तुझं लहानपणचं नाव. एका जागी ठरत नव्हतीस म्हणून मीच ठेवलेलं. कामाच्या पत्रात ते शोभत नाही, पण आज जे लिहायचं आहे ते पंप बसवणाऱ्या बाईंना लिहायला मला तोंड नाही.

तू जाताना आईजवळ सूचनांचा कागद देऊन गेली होतीस. मी तो वाचला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय. खोटं आहे ते. तू गेलीस त्याच संध्याकाळी वाचला. तीन वेळा वाचला. आता तर पाठच आहे. तिसरी ओळ, "काचा रोज सकाळी गोड्या पाण्याने पुसाव्या." ती वाचून मी हसलो. इथे प्यायचं पाणी टँकरने येतं, तेही बारा-पंधरा दिवसांतून एकदा. आंघोळीला माणूस दहादा विचार करतो. त्या पाण्याने काचा धुवायच्या? म्हटलं, पोरगी तीन वर्षांत विसरली वाटतं कुठे जन्मली ते. आणि शेजारीच पाट भरून खारं पाणी वाहतंय, हवं तेवढं. मी त्यात फडकं बुडवलं आणि पुसायला लागलो.

दिवसातून दोनदा पुसलं, भिंगरी. धार कमी झाली तेव्हा म्हटलं निगा अजून वाढवू. तुला पहिलं पत्र लिहिल्यापासून तीनदा पुसत होतो. जावयालाही तेच शिकवलं.

रविवारी दुपारी मी वाफ्यांतून पाणी चाखत फिरत होतो. अठरावा, एकोणिसावा, विसावा. हात टेकायला म्हणून तुझ्या प्लेटेच्या कडेवर हात ठेवला तर काच बोटाला खरखरीत लागली. धूळ अशी लागत नाही. सवयीने बोट जिभेवर ठेवलं. मग मी तिथेच खाली बसलो. तुझ्या प्लेटांवर मी मीठ पिकवलं होतं. पातळ, एकसारखं, दाणा न दिसणारं. उन्हात ते चमकायचं आणि मला वाटायचं मी काच चमकवलीये.

प्यायच्या मडक्यातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि फडक्याने प्लेटा एकेक करून पुसल्या, चार वेळा पिळून. दुसऱ्या दिवशी अंगठ्याएवढी धार. आणखी एकदा पुसल्यावर मनगटाएवढी. मनगट लावून बघितलं मी.

आता खरी लाजेची गोष्ट. हे मी चार दिवस कोणाला सांगितलं नाही, जावयालाही नाही. त्याचा पंप तसाच रडत होता आणि तो माझ्याकडे येऊन विचारत होता, काका, काय करू? मी मूग गिळून बसलो. या मिठागरावर मला लोक काय म्हणून ओळखतात ते तुला माहीत आहे. पाण्यातला माणूस. चाळीस घरांत पाण्याबद्दल वाद झाला तर मला बोलावतात. आणि पाण्यानेच माझी अशी फजिती करावी? पंप आपोआप सुधारला असं म्हणावं, असंही मनात आलं. लपवून काय करू, आलं.

तुझ्या आईच्या हे लक्षात आलं मडक्यावरून. तिने विचारलं, तहान वाढलीये का? मी हो म्हटलं. ती प्लेटांकडे गेली, काचेवरून हात फिरवून आली आणि समोर बसली. तिचा आवाज चढला नाही. "पोरगी तुमच्यामुळे गोदामात बसलीये. तिला लिहा, आणि सभेत सगळ्यांपुढे बोला. नाही बोललात तर मी बोलेन."

म्हणून हे पत्र. सभेत काय बोलायचं त्याची तयारी करतोय. वाफ्यात एकट्याने बोलून बघतो. पहिल्या वाक्यालाच अडतो आणि पुन्हा सुरुवात करतो.

पण एक अडचण आहे आणि ती तुझ्या कागदात नाही. समजा मी चूक कबूल केली. लोक पुढे विचारतील, काचांसाठी गोडं पाणी आणायचं कुठून? चाळीस घरांनी रोज तांब्या-तांब्या ओतला तर टँकर आठव्या दिवशीच रिकामा. पोरं तहानलेली ठेवून काचा धुणार का? तू म्हणाली असतीस, थोडंच लागतं. थोडंही इथे नाही. याचं उत्तर हातात नसताना मी सभेत उभा राहिलो तर माझंही नाक कापलं जाईल आणि तुझे पंपही जातील. दहा दिवस आहेत. मी विचार करतोय. आणि पाण्याच्या बाबतीत मी विचार केला की काहीतरी निघतं, एवढं अजून मी म्हणू शकतो.

बाबा


१६ फेब्रुवारी

भिंगरी,

आता नीट बस आणि वाच. चहा घेऊन बस.

उत्तर सापडलं! आठ तारखेला सकाळी लवकर उठून विहिरीकडे गेलो. थंडी होती. प्लेटांवर दव पडलं होतं, असं की बोटाने रेघ ओढली तर ओघळ खाली जाईल. इतकी वर्षं मी सकाळी दव बघतोय, पायाला ओलं लागतं म्हणून शिव्या घालतोय. बोट फिरवलं, चाखलं. गोडं! म्हणजे काचेवरच्या खारटपणाची चव होती थोडी, पण खालचं पाणी गोडं. आभाळ रोज सकाळी तुझ्या प्लेटांवर गोडं पाणी आणून ठेवत होतं, आणि मी ते उन्हात वाळू द्यायचो आणि मग खाऱ्याने पुसायचो. मामांच्या धुळकट प्लेटा हेच दव थोड्याफार धुवायचं, म्हणून त्यांचा पंप चालायचा. माझ्याएवढा शहाणा माणूस शोधून सापडायचा नाही.

मग आठवडाभर प्रयोग केले. ऊन यायच्या आधी, दव ओलं असताना, कोरड्या सुती फडक्याने वरून खाली एकदाच पुसायचं. गोल गोल नाही, वरून खाली. फडकं पिळायचं, पुन्हा एकदा. बस. मडक्याला हात लावायचा नाही. दव पडलं नाही त्या दिवशी पुसायचं नाही, आठवड्यातून एकदा अर्धा तांब्या, तोही खाली पन्हळ लावून परत धरायचा म्हणजे भांडी विसळायला होतो. पन्हळ मी फुटक्या पाइपाची केली. तुझ्या सूचनांच्या कागदात सात ओळी आहेत, आठवी मी खाली लिहून ठेवलीये. तुझ्या परवानगीशिवाय लिहिली, रागावू नकोस.

जावयाकडे गेलो, सगळं सांगितलं, त्याच्या प्लेटा मी स्वतः पुसून दिल्या. तो हसला नाही. त्यानेच मला पाणी प्यायला दिलं, आणि मला जास्त वाईट वाटलं.

काल सभा. शेड भरली होती. साहेब तेच बूट घालून खुर्चीवर. फिटरही आला होता, तोच जो सगळ्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. त्याने आधीच सगळ्यांच्या कानात भरून ठेवलं होतं की काचेच्या कामाला जीव नाही. साहेबांनी वहीतून वाचलं, दोन पंप निकामी, कारण बसवणाऱ्याची चूक. लोक उठायलाच लागले. मी उभा राहिलो. तुझी आई बायकांमध्ये बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की बसायची सोयच नव्हती.

मी म्हटलं, "पंपात खोट नाही. बसवणारीत खोट नाही. तिने लिहून दिलं होतं, मी वाचलं होतं आणि ऐकलं नाही, कारण ती माझी मुलगी आहे. मी खाऱ्या पाण्याने काचा पुसल्या. खोट माझ्यात आहे."

एवढं बोलून झालं. मग सावलीतले मामा म्हणाले की ते पहिल्यापासून म्हणत होते, प्लेटांना हात लावूच नये. सगळी शेड हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. हसू दे. मी पुढे सांगितलं ते दवाचं, आणि म्हटलं, विश्वास नसेल तर उद्या सकाळी माझ्या विहिरीवर या.

आज सकाळी आले गं. चाळीसमधली पस्तीस तरी घरं. थंडीत काकडत, कांबळी गुंडाळून, साहेब बूट घालून, आणि मामासुद्धा, पहिल्यांदा ऊन यायच्या आधी उठलेले. मी फडकं फिरवलं. ऊन आलं. पंप काही न बोलता सुरू झाला आणि धार पडली. मापाडी पुढे आला, त्याने त्याचं मनगट धरलं, आणि त्याचं मनगट माझ्यापेक्षा जाड आहे. धार तेवढीच होती. फिटर बराच वेळ पंपाला कान लावून उभा होता. शेवटी त्याने जावयाला विचारलं की हे काम शिकायला कुठे जावं लागतं. मी म्हटलं, माझ्या मुलीकडे.

दुपारपर्यंत, आम्ही तीन पंपवाले धरून, अडतीस घरांनी अंगठे आणि सह्या केल्या. दोघांनी नाही केल्या, त्यांचं बघतो मी.

माझी छाती इतकी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटतील असं वाटलं. इंजिन होतं तेव्हा आपल्या मिठाचे अर्धे पैसे डिझेलच गिळायचं. डबे वाहून खांदे गेले, आईची छाती गेली. आता ती दुपारी पाटाच्या कडेला बसून वाफ्यांकडे पाण्याचं दार फिरवते आणि गाणं म्हणते. बेसूर म्हणते, पण खोकत नाही. पाणी दिवसभर एकसारखं येतं म्हणून दाणा असा मोठा आणि पांढरा धरलाय की मापाड्याने मूठभर घरी दाखवायला नेला. हे सगळं माझ्या पोरीने केलंय, आणि ते मी आज पस्तीस घरांसमोर मोठ्याने बोललो. तुला लिहायला मात्र तीन वर्षं आणि तीन पत्रं लागली.

सगळे गेल्यावर साहेबांनी फॉर्म काढला. तक्रार मागे घ्यायची तर तो भरून द्यावा लागतो. त्यात एक रकाना आहे, "बिघाडाचे कारण". मी पेन घेतलं आणि एकच शब्द लिहिला, बाप. साहेब म्हणाले, अहो, इथे तांत्रिक कारण लिहायचं असतं. मी म्हटलं, हेच तांत्रिक कारण आहे, दुसरं कुठलंही नाही. त्यांनी बूट काढून ठेवले आणि चिखलातून चालत जाऊन प्लेटा जवळून बघून आले. अजून पस्तीस पंप बसवायचे आहेत, सोमवारपासून तुला गोदामातून बाहेर काढतो म्हणाले.

आता शेवटचं. पाणी उरतंय म्हणून मी एक वाफा वाढवलाय, एकविसावा. खणून झालाय, बांध घातलाय, खारं पाणी सोडून माती भिजवलीये. पुढचं काम तुला माहीत आहे. नवा वाफा घरातल्या सगळ्यांनी हात धरून, अनवाणी, एका रांगेत तुडवायचा, तळ दगडासारखा घट्ट होईपर्यंत. तू गेल्यापासून आम्ही दोघंच तुडवतो. दोघांत रांग होत नाही, मधला भाग नेहमी कच्चा राहतो आणि तिथून पाणी झिरपतं. तुझ्या आईने हे मला तीन वर्षांत दहा वेळा ऐकवलंय.

हा वाफा मी तुडवलेला नाही. भिजवून ठेवलाय, वाळू नये म्हणून रोज पाणी देतोय. फळ्या सगळ्या उचलून झोपडीत टाकल्यात. येशील तेव्हा चप्पल बांधावर काढ आणि मधे ये. पहिलं पाऊल तुझं.

तुझा बाबा